खिळ्यावरची किल्ली

उंब्रजला तारळी नदी कृष्णेला मिळते. त्या बाजूच्या शिवारात तात्यांचा दीड एकर ऊस आणि एक सामाईक विहीर आहे. विहिरीत निम्मा हिस्सा तात्यांचा, निम्मा त्यांच्या चुलतभावाचा. दोघांचं बोलणं बंद होऊन अकरा वर्षं झाली. बांधावर समोरासमोर आलेच, तर एक जण आभाळाकडे बघतो आणि दुसरा चपलेतला खडा काढायला वाकतो.

पण पाण्याची पाळी चुकत नाही. चार दिवस यांचे, चार दिवस त्यांचे. पाळी संपली की मोटरच्या खोलीला कुलूप लावायचं आणि किल्ली मागच्या बाभळीच्या खोडात मारलेल्या खिळ्याला अडकवायची. दुसऱ्याने आपल्या दिवशी ती काढून घ्यायची. हाक नाही, निरोप नाही.

हे शहाणपण फुकटात आलेलं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी बांधावरून वाजलं आणि तात्या किल्ली कोपरीच्या खिशात घालून चार दिवस पाहुण्यांच्या गावाला जाऊन बसले. भावाने चिडून स्टार्टरची पेटीच उचकटून नेली. वैशाखाचं ऊन. दोघांनीही माघार घेतली नाही आणि दोघांचाही ऊस उभ्या उभ्या वाळला. पुढच्या हंगामात कुणीतरी तो खिळा मारला. कुणी, ते अजून दोघंही सांगत नाहीत.

गेल्या वर्षी तात्यांची लेक सहा वर्षांच्या मुलाला घेऊन माहेरी आली. नवरा चाकणला कंपनीत. भांडण पैशाचं, सासूचं, शब्दाला शब्द लागण्याचं. दिवाळीनंतर जावई मुलाला भेटायला आले. तात्यांनी त्यांना ओट्यावरूनच परतवून लावलं.

“पाव्हणं, लेकीला नांदवता येईना, मग पोराकडं काय काम?”

जावई पंधरा दिवसांनी पुन्हा आले, पुन्हा गेले. दोन्ही वेळा पोरगं दाराच्या फळीआड उभं होतं. त्यानंतर त्याने वडिलांचं नाव काढणं सोडलं. तात्यांना बरं वाटलं. आजी मात्र भाकरी थापता थापता म्हणाली, “इसरलं न्हाई ते. आपल्याला काय गोड लागतंय, तेवढंच बोलाय शिकलंय.”

महिन्याने जावयांच्या वकिलाची नोटीस आली. तात्या लेकीला घेऊन एसटीने कराडला न्यायालयात गेले. तिथे तालुका विधी सेवा समितीच्या टेबलावर अर्ज दिला आणि समितीकडून एक वकीलबाई नेमून मिळाल्या.

तात्यांनी आधी खिशाला हात लावला. “फी किती?”

“ताईंना काही लागणार नाही, काका. 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे. बाईला आणि मुलाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तुमच्या जावयांचं वर्षाचं उत्पन्न 3 लाखांच्या आत असेल, तर त्यांनाही मिळेल. कुणाला कुठं जायचं ते कळत नसेल, तर 15100 वर फोन करावा.”

“त्येला बी फुकट?” तात्यांना हे काही पटलं नाही. “बरं ते असू दे. आमचं काम एकच. पोराला बापानं भेटायचं न्हाई, असा कागद करून द्या.”

वकीलबाई लगेच काही बोलल्या नाहीत. “काका, खाली टपरीवरून तीन चहा सांगून येता का?” तात्या गेल्यावर त्यांनी लेकीला हळू आवाजात विचारलं, “मारहाण होते? दारू? मुलगा त्यांना भितो का? खरं सांगा. तसं असेल, तर पहिल्याच अर्जात लिहायचं आणि भेट कुणाच्या तरी देखरेखीखालीच व्हावी, असं मागायचं.”

लेकीने मान हलवली. “न्हाई हो. आमचं पटत न्हाई, एवढंच. पोरावर जीव हाय त्यांचा.”

चहा आल्यावर बाई तात्यांकडे वळल्या. “तसा कागद सहसा मिळत नाही, काका. पाच वर्षांच्या आतल्या मुलाचा ताबा शक्यतो आईकडं, असं 1956 च्या कायद्यात आहे. तुमचा नातू सहाचा आहे, तरी तो आईकडं राहावा असं आपण मागू आणि आपली बाजू चांगली आहे. पण ताबा वेगळा, भेट वेगळी. त्याच कायद्याचं 13 वं कलम म्हणतं, सगळ्यात आधी मुलाचं हित बघायचं. 1973 साली रोझी जेकब खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलंय, की मुलं म्हणजे आईबापांची मालमत्ता नव्हे आणि खेळणंही नव्हे.”

“आन् दोन म्हैने झालं, पैशे पाठवलं न्हाईत, त्याचं काय?”

“पोटगीचा अर्ज वेगळा करू. थकलेले पैसे वसूल करायची वाट कायद्यात आहे. मुलाची भेट अडवणं ही वसुली नाही. तिकडं त्यांनाही हेच लागू आहे. भेट मिळत नाही म्हणून पैसे थांबवायचे नाहीत.”

लेकीच्या मनात वेगळीच धास्ती होती. “बाई, न्हेलं आणि परत आणलंच न्हाई तर?”

“हा विचारायचा प्रश्न,” बाई म्हणाल्या. “म्हणून तर लेखी हुकूम पाहिजे. कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठल्या ठिकाणी न्यायचं आणि कुठं आणून सोडायचं, सगळं त्यात येतं. सुरुवातीला मुक्काम नाही, तालुक्याबाहेर नेणं नाही, असंही घालता येतं. मोडलं तर न्यायालयात जाब विचारता येतो. तोंडी ठरलेलं मोडलं, तर तुम्ही कुणाकडं जाणार?”

परतीच्या एसटीत तात्या खिडकीबाहेर बघत पुटपुटले, “बाई आपली, पण बोलती त्येंच्या बाजूनं.”

त्या आठवड्यात शेतीला दिवसाची लाइट होती. तात्यांच्या पाळीचा शेवटचा दिवस. नातू त्यांच्याबरोबर रानात आला होता. पाट फोडून पाणी सरीत शिरलं की तो कागदाची होडी सोडायचा आणि तिच्यामागे पळायचा. दिवस कलला. तात्यांनी मोटर बंद केली, कुलूप लावलं आणि किल्ली खिळ्याला अडकवली.

“तात्या, किल्ली इथं का ठेवली?”

“उद्यापासनं त्यांची पाळी.”

“पण तुमची तर त्यांच्याशी कट्टी हाय.”

“हाय की.”

“मग त्यांना किल्ली का देताय?”

तात्या हसले. “आरं, कट्टी माणसांची. उसानं काय केलंय? पाणी न्हाई मिळालं, तर वाळंल की ते बिचारं.”

नातवाने मान डोलावली. वाटेत तो एक शब्द बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी अंगण झाडायला बाहेर आली, तर दाराच्या चौकटीला, तोरणाच्या खिळ्यावर एक कापडी पिशवी लोंबत होती. खाली पाट उलटा करून ठेवलेला, म्हणजे कुणीतरी त्यावर चढलं होतं. पिशवीत शाळेची चड्डी, एक शर्ट, दात घासायचा ब्रश आणि मागच्या दिवाळीला वडिलांनी आणलेली, एक चाक निखळलेली लाल मोटार.

“ही कुणी अडकवली रं?”

“मी.” पोरगं चुलीजवळ दूध पीत होतं. “पप्पांची पाळी आली की न्हेतील.”

तात्या तंबाखू मळत होते. त्यांचा अंगठा तळहातावर तसाच थांबला.

लेकीने पिशवी खाली काढली. शर्ट चुरगळला होता. तो झटकून नीट घडी घातली. आत जाऊन स्वेटर आणला, तोही भरला. मग पिशवी होती तिथे, त्याच खिळ्याला अडकवली आणि काही न बोलता भांडी घासायला बसली.

त्याच दिवशी तात्यांनी वकीलबाईंना फोन केला. “बाई, भेट द्या. पर पाळी लिहून घ्या, पक्की.”

जावयांना अर्ज करायला इकडेच यावं लागलं, कारण 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्याप्रमाणे मूल जिथे राहतं, तिथल्या न्यायालयात अर्ज करावा लागतो. न्यायालयाने नवरा-बायकोला मध्यस्थीला पाठवलं. पहिल्या बैठकीला दोघं भिंतीकडे बघत बसले. दुसऱ्या बैठकीत जुनी भांडणं निघाली. मध्यस्थांनी ती ऐकून घेतली आणि शेवटी एवढंच विचारलं, “हे सगळं तुमचं झालं. मुलाचा शनिवार कसा जावा, ते सांगा.” तिसऱ्या बैठकीत कागद झाला.

दुसरा आणि चौथा शनिवार, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. पहिले सहा महिने मुक्काम नाही. बुधवारी आणि रविवारी संध्याकाळी सात वाजता दहा मिनिटं व्हिडिओ कॉल. ही गोष्ट वकीलबाईंनी आठवणीने घालून घेतली. त्या म्हणाल्या, 2020 च्या यशिता साहू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भेटीच्या हक्काबरोबर फोनवरच्या संपर्काचाही हक्क सांगितला आहे. दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी पुढे निम्मी निम्मी. मुलासमोर एकमेकांबद्दल वाईट बोलायचं नाही. न्यायची-आणायची जागा उंब्रजचा मारुती, समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक. कागद न्यायालयापुढे गेला आणि त्याचा हुकूम झाला.

पहिला शनिवार. मारुतीला तेल वाहायला आलेल्यांची गर्दी. तात्या, लेक आणि नातू पावणेदहालाच पायरीवर. नातवाच्या मांडीवर पिशवी. दहा वाजले, सव्वादहा झाले. जावयांचा फोन आला, हायवेला गाड्या तुंबल्यात, निघालोय. साडेदहाला तात्या उठले.

“चला घरी. वेळ गेली, पाळी बुडली.”

लेक जागची हलली नाही. “तात्या, लाइट उशिरा आली, म्हणून तुमची पाळी बुडती का?”

तात्या उभेच राहिले. मग धोतराचा सोगा सावरून पुन्हा पायरीवर बसले.

अकराला पाच कमी असताना मोटारसायकल आली. पोरगं धावलं, अर्ध्यात थांबलं आणि मागे वळून आईकडे बघितलं. आईने हाताने ‘जा’ अशी खूण केली. तेवढ्या एका खुणेने त्याचे पाय सुटले.

त्या दिवशी लेकीने तीनदा अंगण झाडलं. साडेपाचला ती मारुतीच्या पायरीवर येऊन बसली. सहाला पाच मिनिटं कमी असताना मोटारसायकल परत आली. नवरा-बायको बोलले नाहीत. त्याने पोराला खाली उतरवलं आणि पिशवी तिच्या हातात न देता पायरीशेजारच्या लोखंडी कडीला अडकवली. तिने ती काढून घेतली. घरी उघडून बघितली, तर स्वेटर घडी करून ठेवलेला होता आणि लाल मोटारीला चौथं चाक बसवलेलं होतं.

हे दोघं पुन्हा एकत्र आले का? नाही. त्यांचा बाकीचा दावा चालू आहे आणि तो कुठे जाईल ते न्यायालय ठरवेल. तात्या आणि त्यांचे चुलतभाऊही अजून बोलत नाहीत. पण दर चौथ्या संध्याकाळी किल्ली खिळ्याला असते, आणि महिन्यातल्या दोन शनिवारी पिशवी चौकटीला. ऊस हिरवा आहे. पोरगं आता दोन्ही घरांच्या गोष्टी मोठ्याने सांगतं, दाराच्या फळीआड उभं राहत नाही.

तात्पर्य : पाण्याची पाळी भावांची म्हणतात, पण असते पिकाची. तशी भेटीची पाळी आईबापांची म्हणतात, पण असते लेकराची. भांडण खुशाल न्यायालयात न्या, किल्ली मात्र खिशात ठेवू नका.