स्थिर दोष आणि लहरी दोष

एखाद्याच्या अंगी असलेला दोष लहान की मोठा, हे पाहून आपण त्याचा न्याय करितो. तो दोष नेहमी एकसारखा राहतो की वेळोवेळी बदलतो, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. वास्तविक, ज्यांना त्या दोषाच्या शेजारी दिवस काढावयाचे असतात त्यांच्या दृष्टीने ही दुसरी चौकशीच अधिक महत्त्वाची होय, असे आमचे मत आहे. आणि ते मत आम्हांस एखाद्या नीतिग्रंथाने नव्हे, तर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका लेथने दिले. यावर काही वाचक हसतील. परंतु ज्या शहरात ओतकामाच्या भट्ट्या आणि कातकामाची यंत्रे यांवर पिढ्यान्‌पिढ्या कुटुंबे पोसली गेली, त्या शहरात बसून नीतीचा विचार करणाऱ्याने लेथकडे पाठ फिरवावी, हेच आम्हांस अधिक हास्यास्पद वाटते.

हा लेथ घरी सिद्ध केलेला. आमच्या परिचयाच्या एका तरुण कारागिराने जुना लेथ घेऊन त्याच्या हातचाकांच्या जागी विजेच्या मोटारी बसविल्या आणि त्या संगणकाच्या हुकमतीखाली आणल्या. सी.एन.सी. म्हणून ज्या यंत्रांचा आज बोलबाला आहे, त्यांचे मूळ तत्त्व इतकेच. आकड्यांच्या आज्ञेने यंत्र चालविण्याचा प्रयोग अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने १९५२ साली करून दाखविला, तेव्हा तो मोठ्या संस्थेसच झेपण्याजोगा होता. आज तो एका खोलीत होतो. या तरुणाच्या मोटारी पावलापावलाने फिरतात. एका फेऱ्यास २०० पावले. स्क्रूच्या एका फेऱ्यास स्लाइड ५ मिलिमीटर सरकते. म्हणजे एका पावलास ०.०२५ मिलिमीटर. कागदावर हा हिशेब निर्दोष आहे.

कामावर तो तसा उतरेना. एकच प्रोग्रॅम, एकच हत्यार, एकच पोलाद. पहिले चार जॉब बरोबर, आणि पाचव्यापासून व्यास ०.२ मिलिमीटरने जाड. कारागिराने आकडा तेवढ्याने कमी केला. नवव्यापासून पुन्हा ०.२ जाड, पुन्हा आकडा कमी केला. दुसऱ्या दिवशी यंत्र मूळ स्थानापासून सुरू केले, तो पहिलाच जॉब ०.४ मिलिमीटरने बारीक! जाड झालेला जॉब पुन्हा कातता येतो. बारीक झालेला भंगारात जातो.

येथे त्याने जे केले ते आम्हांस फार मोलाचे वाटते. त्याने आकड्यांना हात लावण्याचे बंद केले आणि दोषाचा स्वभाव पाहू लागला. उष्णतेने फरक पडतो, हे खरे. पोलादाचा एक मीटर लांबीचा स्क्रू दहा अंशांनी तापला, तर सुमारे ०.११ मिलिमीटर वाढतो. परंतु उष्णता हळूहळू चढते, ती उडी मारीत नाही. नटातील ढिलाई, ज्यास कारखान्यात ‘प्ले’ म्हणतात, ती दिशा बदलतानाच दिसते, आणि दर खेपेस तेवढीच दिसते. कपलिंगचा स्क्रू सैल असेल तर वाटेल तेवढी घसरण व्हावी. येथे मात्र फरक नेमका ०.२ चा. लेथवर हत्यार ०.१ ने चुकले की व्यासात दुप्पट चूक होते, आणि ०.१ म्हणजे बरोबर चार पावले. पावलांनी फिरणारी मोटार ओझ्याखाली हरली, तर ती वाटेल तशी न घसरता चार-चार पावलांच्या पटीनेच मागे पडते. दोषाने आपली सही ठेविलीच होती.

मोटार हरत का होती? तर महिन्यापूर्वी, स्लाइड किंचित हलते म्हणून, त्याने तिची जिब आवळली होती. जुना दोष गेला. परंतु स्लाइड जड झाली, आणि तेल आटले किंवा कीस शिरला की वेगाच्या सरकीत मोटारीचे बळ एखादे वेळी अपुरे पडू लागले. स्थिर दोष घालविण्याच्या हट्टातून लहरी दोष जन्मास आला.

या प्रकरणात आम्हांस सर्वांत विचार करावयास लाविले ते संगणकाच्या पडद्याने. तो सारा वेळ बरोबर आकडा दाखवीत होता. या जातीच्या साध्या जोडणीत मोटारीकडून उलट वर्दी येत नाही; पडद्यावर दिसते ती आज्ञेची नोंद, कृतीची नव्हे. आपणही आपले मोजमाप बहुधा असेच करितो. पहाटे उठण्याचा, मुलांवर न रागावण्याचा, हिशेब वेळेवर देण्याचा संकल्प आपल्या पडद्यावर लख्ख असतो, आणि त्याच आकड्यावरून आपण स्वतःस ओळखतो. घरची माणसे मात्र जॉब मोजीत असतात.

पडद्यावर जाऊन बसलेला विश्वास काढावयास बाहेरचा साक्षीदार लागतो, आणि कधी कधी एकही पुरत नाही. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रज्ञाने १८४० साली सपाट पृष्ठे सिद्ध करण्याच्या ज्या रीतीचे वर्णन केले, तीत तीन पत्रे लागतात. दोनच पत्रे एकमेकांवर घासून जुळविले, तर एक फुगीर व दुसरा खोलगट असूनही ते तंतोतंत बसतात. तिन्ही आपसांत जुळले तरच ते सपाट. एकमेकांची मर्जी सांभाळून सुखी असलेल्या जोडप्यांस आणि मित्रांस हे उदाहरण फारसे रुचणार नाही.

आता घराकडे वळू. एखाद्या घरात आजोबा तापट असतात. चहा थंड झाला की ते ओरडणार, हे सर्वांस ठाऊक असते. घर त्या ओरडण्यास सामावून घेते. दुसऱ्या घरातील वडील एके दिवशी फुटलेल्या कपाकडे पाहून हसतात आणि दुसऱ्या दिवशी तशाच कपासाठी हात उगारतात. एकंदर हिशेबात ते त्या आजोबांहून सौम्यही ठरतील. परंतु त्या घरातील मूल कपाकडे पाहत नाही, वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहते. त्यास नियम शिकता येत नाही, कारण नियम नाहीच.

यावर असा आक्षेप येईल की, मग नित्य लाच घेणारा अंमलदार कधीमधी घेणाऱ्याहून बरा म्हणावयाचा काय? नाही. सोसणाऱ्याची सोय आणि करणाऱ्याची योग्यता या दोन गोष्टी आहेत, आणि आमचे म्हणणे पहिलीपुरतेच आहे. शिवाय कधीमधी चुकणाऱ्यास आपले बरोबर दिवस आठवत असतात. सुधारणेची आशा त्याच्याच ठायी अधिक. मात्र ज्याच्या घरात तो राहतो त्यांनी त्या आशेवर किती काळ काढावा, याचे उत्तर आम्ही देऊ शकत नाही.

कोल्हापुरास हा प्रश्न नवा नाही. बाबूराव पेंटर यांनी दामले यांच्या साहाय्याने स्वतःचा चित्रपट-कॅमेरा घडविला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. फिल्मवरील प्रत्येक चित्र चार छिद्रांच्या अंतराने पुढे सरकते. हे सरकणे सर्वत्र सारखेच वरखाली असेल, तर प्रक्षेपकावर एकदा चौकट जुळविली की भागते. ते चित्रागणिक बदलले, तर तीन मीटर उंच पडद्यावर एकदशांश मिलिमीटरचा फरक दीड सेंटिमीटरहून अधिक होतो, आणि द्रौपदी थरथरू लागते. हाताने घडविलेल्या यंत्रात निर्दोषत्व कोणी मागत नव्हते. एकसारखेपणा मात्र मागावाच लागे.

राहिला उद्यमनगरातील प्रश्न. दोष सापडण्यापूर्वी शंभर जॉबांची एक पेटी गिऱ्हाइकाकडे गेली होती. तेथे पाच नग तपासून पेटी मंजूर झाली. कारागिराच्या भागीदाराचे म्हणणे, मंजूर झाले ते झाले. तपासणी त्यांची, जबाबदारीही त्यांची. दोष स्थिर असता तर हे म्हणणे निदान विचारात घेण्याजोगे होते, कारण पाचांत नसलेला दोष पंचाण्णवांतही नसता. परंतु लहरी यंत्राच्या कामात पाच नग हे पंचाण्णवांचे प्रतिनिधी नव्हेत, आणि हे त्या खोलीतील दोघांसच ठाऊक होते, गिऱ्हाइकास नव्हे. आमच्या मते जबाबदारी तेथेच ठरते. कारागिरासही तसेच वाटले असावे. त्याने पेटी स्वखर्चाने परत मागविली आणि शंभरही नग मायक्रोमीटरखाली घातले. अकरा जाड निघाले. ते पुन्हा कातून दिले. भागीदार आठवडाभर बोलला नाही.

जिब आता थोडी सैल केली आहे. व्यास दर खेपेस ०.०४ मिलिमीटरने जाड येतो, दर खेपेस तेवढाच, आणि तेवढा आकडा प्रोग्रॅममध्ये धरलेला असतो.