काळं तेल आणि कायक

खंडेनवमीला बिदर-कलबुर्गीच्या पट्ट्यात यंत्रांचा थाट असतो. धुऊन-पुसून उभ्या केलेल्या बॉबकॅट लोडरच्या बकेटला झेंडूची माळ, काचेवर हळदीकुंकवाची बोटं, चाकाखाली लिंबू. आतल्या चेनकेसमधलं तेल शेवटचं कधी बदललं, हे मात्र मालकाला आठवत नाही. मग पूजा झाली ती कशाची?

बसवण्णांचं कल्याण याच बिदर जिल्ह्यातलं. बाराव्या शतकात तिथल्या शिवभक्त शरणांनी कष्टाला कायक म्हटलं आणि देवपूजेच्या तोडीला नेऊन बसवलं. नुलिय चंदय्या दोर वळायचे. गवत कापताना गळ्यातलं इष्टलिंग निसटून पडलं, तरी त्यांनी हातातलं काम सोडलं नाही, अशी त्यांची कथा आहे. लिंगापेक्षा गवत मोठं? होय, कारण त्या दोरांच्या पैशातून जंगमांचं दासोह, म्हणजे अन्नदान, चालायचं. कायकाची ही दुसरी बाजू सोयीस्करपणे विसरली जाते.

बॉबकॅटचा जन्मही हलक्या समजल्या जाणाऱ्या कामातूनच झाला. अमेरिकेत मिनेसोटातल्या केलर बंधूंनी 1957 मध्ये एका टर्की-पालकाच्या शेडमधली घाण उपसायला असा पहिला छोटा लोडर बनवला. मडिवाळ माचिदेवांसारख्या परिटाला मान देणाऱ्या कल्याणात हे यंत्र नक्कीच शोभलं असतं.

मिस्त्रीला न बोलावता स्वतः तेल बदलणाऱ्याचे चार पैसे वाचतात, पण तेवढ्याने ते कायक ठरत नाही. काम निगुतीचं आहे. लिफ्ट आर्म खाली टेकवायचे, इंजिन कोमट असताना ड्रेन प्लग सोडायचा, नव्या फिल्टरच्या रबरी रिंगला तेलाचं बोट फिरवून तो हातानेच आवळायचा. हायड्रॉलिक तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय असं समजायचं. होज गळतोय का, हे बोटाने कधीही तपासायचं नाही, पुठ्ठा धरायचा. दाबाखालची सुईएवढी धार कातडी भेदून आत जाते. इथवर सगळं ठीक. खरी परीक्षा घमेल्यात साचलेल्या काळ्या तेलापाशी सुरू होते.

बहुतेक ठिकाणी ते कुंपणालगत ओतलं जातं, नाहीतर वाळवी मरते म्हणून लाकडाला फासलं जातं. बिदरजवळच्या नौबादला तर हे अधिकच बोचावं. तिथल्या जांभ्या खडकाखालून पंधराव्या शतकातला बहमनी कारेझ जातो: जमिनीत झिरपलेलं पाणी उताराने पुढे नेणारा बोगदा, आणि उजेड-हवेसाठी वरून खोदलेल्या विहिरी. वर जे मुरतं ते खाली झिरपू शकतं, याच भरवशावर तो खोदला गेला. तेलाने तोच मार्ग धरला तर दासोहाच्या जागी विष वाटलं जाईल.

वापरलेलं तेल 2016 च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं आणि ते परवानाधारक पुनर्शुद्धीकरणवाल्याकडेच जायला हवं. एका मशीनचं डबाभर तेल न्यायला कोणी येत नाही, हे खरंच. म्हणून चार-पाच मालकांनी मिळून एकच झाकणाचं पिंप भरायचं, त्यात पाणी किंवा कूलंट मिसळू द्यायचं नाही, आणि ते भरलं की उचलायला सांगायचं.