उतारवयातली श्रवणभक्ती



नवविधा भक्तीत श्रवण पहिले, कीर्तन दुसरे. माझे आयुष्य दुसऱ्या भक्तीत गेले. आता गळा थकला, तसा पहिलीचा विचार मनात घोळतो. हरिकथा ऐकणे हे श्रवण आहेच. पण सर्वांभूती भगवंत मानणाऱ्याने दुःखी जीवाचे गाऱ्हाणे ऐकणे, हेही श्रवण नव्हे काय? आणि साठी गाठलेल्या बाईने ही सेवा नव्याने शिकावी काय?

आमचे अंतरवाली सराटी २०२३ च्या आंदोलनाने सर्वांना ठाऊक झाले. मांडवातला आवाज दूरवर गेला. माजघरातल्या बाईचा आवाज मात्र शेजारच्या घरापर्यंत जात नाही. कर्जापायी शेतकऱ्याने जीव दिला की बातमी होते; मागे राहिलेल्या त्याच्या बायकोला झोप लागत नाही, याची होत नाही. पूर्वी जाते होते. पहाटे दळताना बाई ओवीतून सासर-माहेरचे सगळे सांगे आणि समोर बसलेली दुसरी ऐके. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. गिरणी आली, कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. पण समोर बसणारी गेली.

ती परत येऊ शकते. आफ्रिकेतल्या झिंबाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली १४ आज्यांना शिकवून दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर बसवले. मनाच्या त्या दुखण्याला तिथल्या बोलीत ‘फार विचार करणे’ म्हणतात. आपल्या बायकाही ‘डोक्यात लई इचार येतात’ म्हणतात, तेच हे. २०१६ साली या कामाची शास्त्रीय पारख प्रसिद्ध झाली. त्रास कमी झाल्याचे दिसले. आपल्या शेजारी गोव्यातही ‘संगाथ’ संस्थेने डॉक्टर नसलेल्या स्त्रियांना समुपदेशन शिकवून आरोग्य केंद्रांत बसवले.

यातला ‘शिकवून’ हा शब्द सोडू नका. नुसते केस पिकल्याने अधिकार येत नाही. मुक्ताबाई भावंडांत धाकटी; तरी ताटी लावून बसलेल्या ज्ञानोबांची समजूत तिनेच घातली. तिने ताटी मोडली नाही, बाहेर थांबून विनवले. दुसऱ्याच्या दुःखाशी असेच थांबावे लागते.

थांबणे कठीण आहे. कोणी म्हणाली, “जगावंसं वाटत नाही,” की आपण लगेच म्हणतो, “प्रारब्ध आहे बाई, नाम घे.” नाम सत्य आहे. पण तिचे बोलणे अर्ध्यात तोडून सांगितले, तर ते तिला गप्प करते. तो दोष नामाचा नव्हे, आपल्या घाईचा. नवऱ्याचा मार खाणारीला प्रारब्ध सांगणे म्हणजे तर मारणाऱ्याची बाजू घेणे. म्हणून आधी पुरते ऐकावे. ऐकलेले पारावर, दिंडीत, तिच्या सासूपाशीही बोलू नये. आणि आपली मर्यादा ओळखावी. जीव देण्याची भाषा असेल तर तिला एकटी सोडू नये, डॉक्टरांकडे न्यावे. सरकारचा १४४१६ हा टेलिमानस फोन रात्रंदिवस चालतो. मराठीतही बोलता येते.

आता माझ्या प्रश्नाचे उत्तर: होय, साठीतही शिकावे. माउली, एकादशीचे भजन संपल्यावर घरी जायची घाई नसलेली एखादी बाई मंदिरात रेंगाळते. तिच्याजवळ बसा. “कशी आहेस गं?” एवढेच विचारा, आणि मग उत्तर पुरे होईपर्यंत बोलू नका.