आज वाहन एक

श्रावकाने, म्हणजे जैन गृहस्थाने, कशाकशाला मर्यादा घालावी, याची एक यादी आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त दिली आहे. पहिलं जेवण. जेवणाला लागून लगेच वाहन. मग अंथरूण, आंघोळ, उटणं, फुलं, विडा, कपडे, दागिने आणि पुढचं सगळं. मला दर वेळी त्या दुसऱ्या क्रमांकाची गंमत वाटते. घोडे आणि बैलगाड्यांच्या काळातसुद्धा माणूस जेवणाखालोखाल वाहनाला सोकावलेला होता, हे आचार्यांनी नेमकं हेरलं असावं. मर्यादेच्या मुदतीही त्यांनी घालून दिल्या आहेत: एक दिवस, एक रात्र, पंधरवडा, महिना, ऋतू, सहामाही. मुदतीपुरती घेतलेली मर्यादा म्हणजे नियम, जन्मभराची म्हणजे यम.

माझ्याकडे २०११ची वॅगन-आर आहे. जयसिंगपूरहून कोल्हापूरला एका रक्तपेढीत मी नोकरी करते. जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर. पहाटेची पाळी असते तेव्हा अंधारात निघायचं, दुसरी पाळी असते तेव्हा रात्री दहाला शिरोलीच्या पुलावरून परत यायचं. त्या वेळांना पॅसेंजर जमत नाही आणि एसटीचा भरवसा नाही. गाडी गरजेची आहे, हे मला कुणाला पटवून द्यायचं नाही. मला पडतो तो प्रश्न निराळा आहे. पाच अणुव्रतांतलं शेवटचं परिग्रहाचं. ते व्रत आणि दारातली मोटार यांचा संसार एका घरात कसा चालतो?

याचं तयार उत्तर आमच्या समाजात सगळ्यांना पाठ आहे. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या मूर्च्छेवरून केली: वस्तूत जीव अडकणं, ‘हे माझं’ म्हणून भुलणं, हा परिग्रह. झालं! पंचकल्याणक पूजेला वीस-बावीस लाखांच्या गाडीतून उतरणारा माणूस सांगतो, ‘गाडी आहे, पण आसक्ती नाही हो.’ आपण मान डोलवायची. मला वाटतं, ही व्याख्या उलटी धरली जाते. ज्याच्याकडे काहीच नाही पण मन सगळ्यात आहे, तोही परिग्रही ठरावा म्हणून ती आहे; ज्याच्याकडे सगळं आहे त्याला सोडवण्यासाठी नाही. मग बाहेरची वस्तू परिग्रह नव्हे काय, हा प्रश्न पूज्यपादांनी तत्त्वार्थसूत्रावरच्या ‘सर्वार्थसिद्धी’ या टीकेत घेतलाच आहे. उत्तर असं की तीही परिग्रहच, कारण मूर्च्छा उपजते ती तिच्यापायी.

म्हणूनच गृहस्थाला नुसतं ‘आसक्ती सोड’ म्हणून मोकळं केलेलं नाही, त्याच्याकडून आकडा मागितला आहे. परिग्रहपरिमाण. समंतभद्र याच व्रताला इच्छापरिमाण असंही म्हणतात. शेत किती, धान्य किती, सोनं किती, ते आधी ठरवायचं आणि त्यापुढच्याची हाव सोडायची. आसक्ती नसल्याचा दावा कुणी तपासू शकत नाही, स्वतःलाही तो तपासता येत नाही. आकडा तपासता येतो.

मी २०१८ साली गाडी शोधायला निघाले, तेव्हा आकडे ठरवून निघाले होते. गाडी एकच, हजार सीसीच्या आत, आणि कर्ज काढायचं नाही. हे सगळं बसत होतं ते वापरलेल्या गाडीतच. आमचे मेस्त्री बरोबर होते. पहिली गाडी बघितली ती चकाचक, मीटर चाळीस हजारांवर. मेस्त्रींनी बोनेट उघडलंच नाही. दार उघडून खाली वाकले आणि ब्रेकच्या पेडलवर अंगठा फिरवला. रबरावरच्या रेघा पार झिजून गेल्या होत्या, एका कडेला तर लोखंड दिसत होतं. ‘ताई, ह्यो पाय चाळीस हजारांचा न्हाई,’ म्हणाले आणि चालू लागले. मीटर मागे फिरवता येतं, पण पेडल बदलायचं सहसा कुणाला सुचत नाही. दुसरी गाडी सांगलीच्या एका डॉक्टरांची, सिंगल हँड, म्हणजे एकाच मालकाची. तिथे मात्र मेस्त्री रमले. दाराचं बीडिंग ओढून आतले वेल्डिंगचे ठिपके कंपनीचेच आहेत का ते पाहिलं. इंजिन ऑइलचं झाकण काढून त्याच्या आतल्या बाजूला पांढरट साय धरली आहे का ते पाहिलं. ती असेल तर ऑइलमध्ये पाणी उतरतंय. नव्हती. तीन सिलिंडरचं ९९८ सीसीचं इंजिन, टायमिंगला बेल्टऐवजी चेन. ‘ऑइल टायमाला बदला, ही तुम्हाला सोडत न्हाई,’ असा आशीर्वाद मिळाला. पुढे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, आरटीओ, नावावर होणं. तो कंटाळा सगळ्यांच्या ओळखीचा आहे.

तेव्हा मला एक समाधान वाटलं होतं आणि ते मी बरेच दिवस बाळगलं. आपल्याकडे हिंसेचे तीन दरवाजे मानतात: स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं, केलेल्याला अनुमोदन देणं. नवी गाडी घेणारा करवतो. त्याच्यासाठी लोखंड वितळतं, त्याच्यासाठी रंग फवारला जातो. माझी गाडी तर आधीच जन्मलेली. मी काहीच करवलेलं नाही. हिशेब स्वच्छ दिसतो. फक्त डॉक्टरांनी माझ्या पैशांचं काय केलं, ते त्यात धरलेलं नाही. ते पैसे त्यांनी एका भल्या मोठ्या डिझेल गाडीत घातले, आणि माझा व्यवहार झाला नसता तर ती त्या आठवड्यात नक्की आली नसती. वापरलेल्या गाडीचा बाजार असाच चालतो: खालून कुणी जुनी उचलली की वर नव्याला जागा होते. म्हणजे करवणं नसेल, पण हातभार आहेच. ‘सेकंडहँड आहे’ म्हणून पुण्य पदरात पडतं असं आता मी मानत नाही. तो काटकसरीचा व्यवहार आहे, व्रत नव्हे.

व्रताचा संबंध येतो तो पुढे, रोजच्या चालवण्यात. समंतभद्रांचाच आणखी एक भेद इथे मला फार उपयोगी पडतो. एकदा भोगून संपतं ते भोग, जसं अन्न. पुन्हा पुन्हा वापरता येतं ते उपभोग, जसं वस्त्र. मोटारीत हे दोन्ही एकत्र असतात. गाडी उपभोग, पेट्रोल भोग. आपण मिरवतो, पुसतो, खंडेनवमीला हार घालतो तो सगळा उपभोग, आणि जळून जातो त्या भोगाकडे कुणाचं लक्ष नसतं. माझी गाडी अठराच्या आसपास अॅव्हरेज देते. ऐंशी किलोमीटरला साडेचार लिटरला थोडं कमी. लिटरभर पेट्रोल जळलं की दोन किलो तीनशे ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे माझ्या एका दिवसाच्या नोकरीमागे दहा किलो. बारा अॅव्हरेजच्या गाडीत बसून मी हीच नोकरी केली तर पंधरा किलोंच्या वर. मोक्ष दोन्हीकडून तितकाच लांब आहे, ते कबूल. पण अणुव्रत हे नावच मुळी ‘थोडं’ मान्य करणारं आहे. महाव्रत न झेपणाऱ्यांसाठी ते आहे, आणि न झेपणाऱ्यांना पाच किलोंचा फरक क्षुल्लक नसतो.

परिग्रहपरिमाणाचे जे पाच अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे दोष, रत्नकरंडात सांगितले आहेत, ते वाचताना ग्रंथकार व्यापाऱ्यांच्या वस्तीत राहिलेले असावेत असं वाटतं. पहिलाच अतिवाहन: लोभापायी बैलांना झेपेल त्याहून लांब दामटणं. शेवटचा अतिभार: झेपेल त्याहून जास्त लादणं. हे दोन्ही बघायला ग्रंथ उघडायची गरज नाही, गळीत हंगामात हातकणंगल्याच्या रस्त्यावर उभं राहावं. उसाच्या ओझ्याने गुडघ्यात वाकलेले बैल, आणि त्यांच्या बाजूने दोन-दोन ट्रॉल्या ओढत पुढचं चाक उचलू पाहणारा ट्रॅक्टर. मधला विस्मय मात्र गाडीवाल्यांसाठीच लिहिल्यासारखा आहे. आपला सौदा होऊन गेल्यावर दुसऱ्याला जास्त फायदा झालेला बघून जीव जळणं, असा त्याचा अर्थ टीकाकार सांगतात. आमच्या शेजाऱ्यांनी माझ्यामागून तीच गाडी, एक वर्ष नवी, पंधरा हजारांनी स्वस्त आणली. त्यांच्या गाडीला उजवीकडे ओढ आहे हे कळलं तेव्हा मला जे वाटलं, त्याला सभ्य भाषेत विस्मय म्हणता येईल. आणि अॅव्हरेजचं काय? एकोणीस पडलं की मी रक्तपेढीत दोघांना तरी सांगते. लहान गाडीतही मूर्च्छेला बसायला जागा असते.

हिवाळ्यात, चातुर्मास संपल्यावर, या रस्त्याने मुनींचा विहार असतो. बाहुबलीचा डोंगर जवळच, त्यामुळे अतिग्रे-हातकणंगल्याच्या मधे पिंछी-कमंडलू घेतलेले मुनी कडेने चालताना दिसतात. पुढेमागे दोन-चार श्रावक आणि एक सावकाश चालणारी गाडी. ईर्यासमितीनुसार मुनींनी पुढची चार हात जमीन बघत चालायचं, उजेडातच चालायचं, पायाखाली जीव येऊ द्यायचा नाही. चार हात म्हणजे फार तर दोन मीटर. सत्तरच्या वेगाने मी ते सेकंदाच्या दहाव्या हिश्शात मागे टाकते. पावसाळ्यात रात्री काचेवर जे चिकटतं ते सकाळी ओल्या फडक्याने मीच पुसते, त्यामुळे त्याबद्दल मला कुणी प्रवचन देण्याची गरज नाही. गृहस्थाला संकल्पी, म्हणजे ठरवून केलेली, हिंसा पूर्ण वर्ज्य आणि उद्योगातली, घरकामातली अटळ हिंसा जमेल तेवढी कमी, ही सवलत मला ठाऊक आहे. पण मुनींच्या बाजूने जाताना ॲक्सिलरेटरवरचा पाय आपोआप उचलला जातो, आणि पुढे किलोमीटरभर तो तसाच राहतो. तेवढ्या अंतरात अॅव्हरेजही सुधारतं. हा योगायोग नाही. साठच्या पुढे गाडीची बरीचशी ताकद हवा कापण्यातच खर्ची पडते. जीवदया आणि पेट्रोल इथे एका बाजूला आहेत, घाई एकटी दुसऱ्या बाजूला.

या वर्षी गाडीला पंधरा वर्षं होतात. रजिस्ट्रेशनची मुदत संपते. तपासणी करून पुढची पाच वर्षं वाढवून मिळतात. मुलगा म्हणतो, काढून टाक. त्याचा मुद्दा चुकीचा नाही: ही गाडी भारत स्टेज सहाच्या आधीची आहे, पेट्रोल कमी पीत असली तरी तिचा धूर आजच्या गाड्यांपेक्षा वाईट. म्हणजे एकीकडे कमी भोग, दुसरीकडे जास्त विष. समंतभद्रांच्या यादीत याची तोड मला सापडत नाही.

माझ्या सासूबाई सकाळी सामायिक झाल्यावर सतरा नियम घेतात. आज रस किती, वस्त्रं किती, आणि वाहन किती. देवळात चालत जायचं असेल तर वाहन शून्य. मिरजेला डॉक्टरांकडे जायचं असेल तर ‘आज वाहन एक’, आणि मग जाताना माझी गाडी असेल तर येताना रिक्षा चालत नाही. एकदा परतताना माझी गाडी पंक्चर झाली, तर चाक बदलेपर्यंत त्या रस्त्याकडेच्या कट्ट्यावर बसून राहिल्या. शेजारून गेलेल्या ओळखीच्या गाडीत बसल्या नाहीत. मी चिडले होते. रीपासिंगचा प्रश्न मी त्यांच्यापुढे ठेवला.

‘आई, ठेवू की विकू?’

‘गाडीचं तू आणि तुझा मेस्त्री बघा. महिन्याला तेल किती जाळणार, ते सांग.’

मी अंदाजाने शंभर लिटर म्हणाले.

‘मग नव्वद म्हण,’ त्या म्हणाल्या. मी त्यांची नियमांची वही पुढे केली, तर ती त्यांनी परत सरकवली. ‘माझ्या वहीत कशाला? तुझं तू लिही.’