दोन तासांची मुदत

माझ्या पॅलाडिनच्या बँकेत एक गदा पडून आहे. तिचं नाव ट्रॉमा. २०१० पासून ती तिथं आहे आणि मी ती एकदाही हातात धरलेली नाही. कुणाला देऊन टाकावी म्हटलं, तर देताही येत नाही. तिच्याकडे पाहिलं की मला माझी एक सवय आठवते. ती सवय खेळापुरती होती, असं म्हणायची सोय आता उरलेली नाही.

ज्यांनी वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. २००४ च्या नोव्हेंबरात ब्लिझर्ड कंपनीनं आणलेला हा ऑनलाइन खेळ. अझेरॉथ नावाच्या जगात आपण एक पात्र घेऊन उतरायचं आणि मोठ्या लढाया इतरांच्या साथीनं लढायच्या. त्या लढायांत कामं तीन: टँकनं मार अंगावर घ्यायचा, हीलरनं सगळ्यांना जिवंत ठेवायचं आणि बाकीच्यांनी मारायचं. या मारणाऱ्यांना डॅमेज म्हणतात. पॅलाडिन या प्रकारच्या पात्राला ही तिन्ही कामं करता येतात, पण एका वेळी एकच. दहाव्या पातळीपासून दर पातळीला एक टॅलेंट गुण मिळायचा. ८० व्या पातळीला असे ७१ गुण होत. ते होलीत घातले की तुम्ही हीलर, प्रोटेक्शनमध्ये घातले की टँक, रेट्रिब्युशनमध्ये घातले की दोन हातांची कुऱ्हाड गरगरा फिरवणारा ‘रेट’. या वाटणीला बिल्ड म्हणतात.

सुरुवातीला बिल्ड मोडून नवा बांधायचा तर शहरातल्या गुरूकडे जाऊन पैसे मोजावे लागत. पहिल्यांदा एक सोन्याचं नाणं, मग पाच, मग दहा, असं करत पन्नासपर्यंत. माणूस विचार करूनच बदलायचा. एप्रिल २००९ मध्ये ड्युअल स्पेक आलं. हजार नाणी एकदाच भरा आणि दोन बिल्ड कायमचे जवळ बाळगा. लढाई चालू नसली की पाच सेकंदांत एकातून दुसऱ्यात जाता यायचं. फक्त माना, म्हणजे मंत्रांची शक्ती, पार शून्यावर यायची.

मी हजार नाणी जमवली आणि दुसरा बिल्ड घेतला होलीचा. पहिला अर्थातच रेट. दोन बिल्ड बाळगण्यात काही खोटं नाही. बहुरूपी दारात पोलीस होऊन उभा राहतो तेव्हा त्यालाही ठाऊक असतं आणि आपल्यालाही, की हे सोंग आहे. तो फसवत नाही, बिदागी मागतो. माझं सोंग मात्र ज्यांच्यासमोर उभं होतं त्यांना ते सोंग आहे हे माहीत नव्हतं.

आरंभ लहानच होता. डिसेंबर २००९ मध्ये डंजन फाइंडर आलं. पाच जणांची टोळी यंत्रच जमवून द्यायचं: एक टँक, एक हीलर, तीन डॅमेज. कुऱ्हाड फिरवायला सगळेच तयार, म्हणून डॅमेजवाल्यांची रांग लांब. हीलरला लगेच जागा. मी हीलरच्या खुणेवर टिचकी मारून रांग चुकवायचो. आत गेल्यावर कधी हील करायचो, कधी दुसऱ्या कुणाकडे तसा बिल्ड दिसला की अदलाबदल मागायचो. मागायचो म्हणजे काय, कुऱ्हाड काढून उभाच राहायचो. समोरचा बहुधा भिडेखातर हो म्हणायचा. त्या भिडेवर मी कितीतरी संध्याकाळी जगलो.

आमचं गिल्ड, म्हणजे कायम एकत्र खेळणाऱ्यांचा संघ, युरोपातल्या सर्व्हरवर होतं. भारतासाठी वेगळा सर्व्हर नव्हता, त्यामुळे माझ्यासारखे लोक जिथं जागा मिळेल तिथं खेळत. त्यांचे रात्रीचे आठ म्हणजे उन्हाळ्यात पुण्यात साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा. २५ जणांची आइसक्राउन सिटाडेलची मोहीम आठवड्यातून दोन रात्री. हीलर कायम कमी. एका रात्री मोहिमेआधी म्होरक्यानं विचारलं, यापुढे कुणी पक्कं हीलर होईल का? मी लिहिलं, मी होतो. गिल्डच्या यादीत माझ्या नावापुढे ‘रेट’ खोडून ‘होली’ लिहिलं गेलं.

हे लिहिताना मनात काय होतं, ते आज प्रामाणिकपणे लिहायचं तर असं: रेटचं माझं सामान जवळजवळ पुरं झालं होतं. नवीन काही मिळायचं तर ते होलीच्या नावावरच मिळणार होतं. आणि गिल्डचा नियम असा, की सामान निघालं की ज्याचा तो मुख्य बिल्ड त्यानं आधी एक ते शंभरमधला आकडा टाकायचा. दुय्यम बिल्डवाल्यांनी उरलंसुरलं घ्यायचं. मी मदतीला पुढे झालो नव्हतो. मी रांगेत पुढे सरकलो होतो.

त्या रात्री रॉटफेस नावाचा ओंगळ राक्षस पडला आणि ट्रॉमा निघाली. हीलरची गदा. बरं करताना कधी कधी आजूबाजूच्यांनाही थोडं थोडं बरं करायची, अशी तिची खुबी. तिच्यावर दोघांनी आकडे टाकले, मी आणि आमची प्रिस्ट, म्हणजे पुरोहिताचं पात्र खेळणारी. ती पोलंडची. गिल्डमध्ये आली तेव्हापासून हीलर, एकाच बिल्डची, दुसरं काही तिनं कधी मागितलंच नाही. तिचे ६१ आले, माझे ८८. तिनं अभिनंदन केलं. मी हसरा चेहरा टाकला.

अशी वस्तू मिळाली की ती तुमच्या पात्राला बांधली जाते, सोलबाउंड होते. पण आदल्याच वर्षी खेळात एक सवलत आली होती. त्या मोहिमेत हजर असलेल्या दुसऱ्या हक्कदाराला दोन तासांच्या आत ती देता यायची. वाटपात चूक झाली तर सुधारता यावी, एवढ्यासाठीच. गदेवर बोट नेलं की उरलेला वेळ दिसायचा. मी तो पाहिला होता. एक तास चाळीस मिनिटं. नंतर पन्नास मिनिटं. मोहीम संपली, लोक झोपायला गेले, तीही गेली. मी जागा होतो.

पुढच्या आठवड्यात मी हीलर म्हणून गेलो आणि माझ्या हातून माणसं मेली. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं आपण म्हणतो. हीलिंगचंही आणता येत नाही. बिल्ड पाच सेकंदांत बदलतो, हात बदलत नाही. रेट असताना मी एकच गोष्ट पाहायचो: पडद्याच्या कोपऱ्यातली उतरंड, कुणी किती मारलं याची, आणि तिच्यात माझं नाव कितव्या ओळीवर आहे ते. हीलरला पाहायच्या असतात २५ पट्ट्या, दुसऱ्यांच्या जिवाच्या. त्यातली कुठली आता खाली येईल हे ती येण्याआधी ओळखायचं. सगळं नीट झालं तर कुणी नाव घेत नाही, एक चुकलं की सगळे तुमच्याकडे बघतात. मला हे काम जमत नव्हतं असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला ते आवडत नव्हतं, आणि न आवडण्याचं कारण एवढंच की त्यात मी दिसत नव्हतो.

मग सबबी सुरू झाल्या. वीज गेली. नेट तुटलं. पुन्हा वीज गेली. महाराष्ट्रातल्या भारनियमनाची कीर्ती युरोपात पोचलेली नव्हती, ती मी पोचवली. मोहिमेच्या रात्री मी दुसरंच पात्र उघडायचो. खेळाडू याला ऑल्ट म्हणतात. एका सर्व्हरवर दहापर्यंत पात्रं ठेवता यायची. माझा ऑल्ट हंटर होता, कुठल्याच गिल्डमध्ये नसलेला. तिकडे आइसक्राउनमध्ये २४ माणसं हीलर शोधत असायची आणि इकडे मी स्ट्रँगलथॉर्नच्या जंगलात निवांत वाघ मारत असायचो.

जून २०१० मध्ये रिअल आयडी नावाची सोय आली. एकमेकांची मैत्री मान्य केली की खरं नाव दिसायचं आणि तुम्ही कोणतंही पात्र घेऊन आलात तरी मित्राला कळायचं. प्रिस्टनं विचारलं होतं, मी हौसेनं हो म्हटलं होतं, आणि याचा अर्थ काय होतो याचा विचारच केला नव्हता. एका मोहिमेच्या रात्री मी वीज गेल्याचा निरोप म्होरक्याला पाठवून हंटर उघडला. दहाएक मिनिटांत पडद्यावर तिची एक ओळ आली.

“वीज आली वाटतं?”

मी उत्तर दिलं नाही. झटकन बाहेर पडलो, जणू वीज पुन्हा गेली.

तिनं हे गिल्डमध्ये कुणाला सांगितलं नाही. पुढे माझ्याशी बोलणंही तसंच ठेवलं, जेवढ्यास तेवढं. मला वाटतं, तिनं चारचौघांत काढलं असतं तर मी भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो. त्या वर्षअखेरीस कॅटॅक्लिझम हा खेळाचा पुढचा भाग आला, त्याच्या आसपास आमचं गिल्ड पांगलं. तिची माफी मागायची राहिली, असं मी बरीच वर्षं म्हणत आलो. राहिली नाही. मी मागितली नाही.

मी तेव्हा तीन गोष्टी स्वतःला सांगायचो. पहिली, हा खेळ आहे. पण तिच्या रात्री खऱ्या होत्या, आणि मला भरवशाचा धरून २४ माणसं खरोखरच थांबून राहायची. दुसरी, नियम मी मोडला नाही. बरोबर आहे, मोडला नाही. नियमानं मला गदा दिली आणि नियमानंच ती परत द्यायला दोन तास दिले. दोन नियमांपैकी मला एकच आठवला. तिसरी, सगळेच असं करतात. सगळे करत नव्हते. ज्यांच्याशी मी आकडे टाकले त्यांच्यात एक जण करत नव्हती, आणि मला ते माहीत होतं.

याहून अवघड प्रश्न घरातला आहे. आईच्या शस्त्रक्रियेच्या वेळी पैसे मी भरले आणि डॉक्टरांशी बोलायला मी उभा राहिलो. नातेवाइकांत ‘मुलानं केलं’ असं झालं, आणि मी ते होऊ दिलं. पुढची दोन वर्षं सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या, पथ्य, रात्रीचं उठणं बहिणीनं पाहिलं. ‘मी आहेच, केव्हाही सांग,’ असं मी तिला म्हणायचो. तो माझा दुसरा बिल्ड होता. यादीत नाव, हातात काही नाही. ताईनं एक-दोनदा खरंच सांगितलं, तेव्हा माझ्याकडे मीटिंग होती. एकदा ती होती, एकदा नव्हती.

म्हणून आता मी दुसऱ्या बिल्डला दोष देत नाही, आणि माणसानं एकच काहीतरी असावं असंही म्हणत नाही. दोन काय, चार असावेत. पण जो बिल्ड मी लोकांना सांगतो तो एक शब्द असतो. त्या शब्दावर कुणीतरी आपली रात्र ठरवतं, कुणी आपला हक्क सोडतं, कुणी दुसरा माणूस शोधायचं थांबतं. ‘मला हेही येतं’ आणि ‘मी हे करीन’ यांत अंतर आहे. ते अंतर मी मुद्दाम धूसर ठेवत आलो, कारण त्या धूसरपणात माझा फायदा होता.

हल्ली कुणी विचारलं तर मी जे करणार तेवढंच सांगायचा प्रयत्न करतो. नेहमी जमतं असं नाही. ताईशी बोललो. ती म्हणाली, “मला माहीत होतं रे,” आणि चहा टाकायला उठली. प्रिस्टशी बोलायची वाट आता माझ्याकडे नाही.

गदेवर बोट नेलं तर वेळ दिसत नाही, नुसतं सोलबाउंड दिसतं. मुदत दोन तासांची होती. मी जागा होतो.