धरतंय का?

बसा. खांदे सैल सोडा.

घाई नाही. आत्ता कुठलीही वर्दी आलेली नाही. घंटा शांत आहे.

मनाने भायखळ्याला या. मुंबई अग्निशमन दलाच्या मुख्यालयात. सकाळ आहे. हजेरी संपली आहे. एक बंब पुढे आणून उभा केला आहे.

त्याचा लाल रंग पाहा. नुसता पाहा.

आज या बंबाला काही विझवायचं नाही. आज त्याची तपासणी आहे. पंप, होज आणि फेस. तिघांनाही एकच प्रश्न विचारायचा आहे. धरतंय का?

आपणही तेवढंच पाहू.

श्वास आत येऊ द्या. बाहेर जाऊ द्या.

•

बंबाच्या मागच्या बाजूला या. इथे पंप आहे. पाणी जाण्या-येण्याची तोंडं आहेत, फिरवायचे व्हॉल्व्ह आहेत आणि डोळ्यांच्या उंचीवर गोल गेज आहेत.

त्यातल्या एका गेजपाशी थांबा.

पांढरी तबकडी. काळी सुई. शून्याच्या उजवीकडे दाबाचे आकडे, डावीकडे व्हॅक्यूमचे.

सुई शून्यावर आहे. तिच्याकडे पाहत राहा.

पंपात पाणी नाही. ही कोरडी तपासणी आहे. यंत्रचालक एकेक व्हॉल्व्ह बंद करतो. तळाचा निचऱ्याचा नळ बंद करतो. मग सक्शन होज जोडतो. हा होज जाड आणि ताठ असतो. आतली हवा काढली तरी तो चपटा होऊ नये, म्हणून त्याच्या अंगात तारेचं वेटोळं असतं. त्याच्या मोकळ्या टोकावर टोपी घट्ट बसते.

आता हवेला आत यायला वाट नाही. निदान नसावी.

इंजिन सुरू होतं. प्रायमर पंपातली हवा बाहेर काढू लागतो. सुई हलते. शून्य सोडून डावीकडे सरकते. आणखी थोडी. आणखी थोडी.

इंजिन बंद.

आता ऐका.

भोवती उभे असलेले जवान बोलत नाहीत. कुणी हत्यार उचलत नाही, कुणी दार आपटत नाही. रस्त्यावरची रहदारी ऐकू येते. गरम इंजिन थंड होताना टिकटिकतं, ते ऐकू येतं.

सुईकडे पाहा. ती आहे तिथेच आहे का?

श्वास घ्या. सोडा. पुन्हा पाहा.

गळती असेल, तर सुई शून्याकडे परतू लागेल. पण पुष्कळदा डोळ्याआधी कानाला कळतं. एक बारीक 'स्स्स' येतो. बाहेरची हवा आत शिरत असते. कुठून शिरते, ते शोधायचं असतं. जोडातला वॉशर वाळला असेल. व्हॉल्व्हच्या बैठकीत वाळूचा कण अडकला असेल. पंपाच्या दांड्याभोवतीचं पॅकिंग झिजलं असेल.

यंत्रचालक वाकतो. जोडाजवळ कान नेतो. दुसऱ्या जोडाजवळ नेतो.

तुम्हीही त्याच्याबरोबर ऐका. काही शोधू नका. जे येईल ते ऐका.

"धरतंय," तो म्हणतो.

•

पोकळीपाशी अजून थोडं थांबू.

एक हात पुढे करा. तळहात वर. बोटं मोकळी.

काही वजन जाणवतं? नाही.

तरीही हवा या तळहातावर दाब देते आहे. प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोचा. सगळ्या तळहाताचा मिळून शंभर किलोच्या आसपास होईल. तेवढाच दाब खालूनही आहे, म्हणून हात सहज तरंगतो.

तसाच राहू द्या.

आता एक विहीर डोळ्यांसमोर आणा. विहिरीच्या काठावर बंब उभा आहे. सक्शन होजचं टोक पाण्यात बुडालं आहे. आपण म्हणतो, पंप पाणी ओढतो. खरं तर पंप फक्त वाट रिकामी करतो. विहिरीच्या पाण्यावर हवा टेकलेली असते, तीच पाण्याला खाली दाबते. पाणी रिकाम्या वाटेने वर चढतं.

समुद्रसपाटीला ही हवा पाणी जास्तीत जास्त १०.३ मीटर चढवू शकते. त्यापुढे नाही. इंजिन कितीही ताकदीचं असो, नाही. महाबळेश्वरला हवा विरळ, म्हणून तिथे ही मर्यादा आणखी खाली येते. प्रत्यक्ष कामात तर सात-आठ मीटर म्हणजे खूप झालं.

आणि हे सगळं एका वॉशरवर अवलंबून. वाट नीट रिकामी झाली नाही, तर पाणी खालीच राहतं.

म्हणून सुईजवळ शांत उभं राहायचं.

हात खाली घ्या. मांडीवर ठेवा. हवा अजून त्यावर आहे.

•

आता होजकडे या.

डिलिव्हरी होज जमिनीवर पसरला आहे. कोरडा, चपटा. बाहेरून विणलेलं कापड, आतून रबराचं अस्तर. त्यावर मनाने हात फिरवा. विणीचा खरखरीतपणा बोटांना लागू द्या.

एक जवान होजच्या कडेने चालतो. सावकाश. प्रत्येक पावलाला खाली पाहत. कुठे कापड घासलंय का. कुठे डांबराचा डाग आहे का. होज पुन्हापुन्हा एकाच जागी दुमडला, तर तिथे अस्तर चिरतं. म्हणून गुंडाळताना घडीची जागा बदलत राहतात.

चालणाऱ्या पावलांबरोबर चला. डावं. उजवं.

टोकांना कपलिंग आहेत. एक आत जाणारं, एक घेणारं. ढकललं की बसतं. टक्.

कपलिंगच्या मागे, कापडावर, जवान एक रेघ ओढतो. पेन्सिलची साधी रेघ. दाबाखाली कपलिंग जरासं जरी सरकलं, तरी ती रेघ सांगेल.

पाणी सोडा.

घाईने नाही. आधी आतली हवा पुढच्या टोकाने बाहेर जाऊ द्यायची. हवा दाबली की आत जोर साठवते, आणि होज फुटला तर तो जोर अंगावर येतो. म्हणून आधी हवा. मग पाणी.

पाहा, होज गोल होत चालला आहे. जोडापासून पुढे, पुढे, वळणापर्यंत, वळणाच्या पुढे. चपटं अंग उठतं. तिरपं पडलेलं टोक सरळ होतं.

६३ मिलिमीटर व्यासाचा, ३० मीटर लांबीचा होज. तो भरला की त्यात ९० लिटरहून जास्त पाणी असतं. एका हाताने सहज उचललेला होज आता दोघांना हलत नाही.

ते वजन जाणवू द्या. जिन्यात हेच वजन पायरीपायरीने वर न्यायचं असतं.

दाब वाढतो. कामात लागतो त्याहूनही वर. सगळे चार पावलं मागे सरकतात आणि थांबतात.

आता कुणालाच काही करायचं नाही. फक्त थांबायचं आहे.

विणीवर कुठे ओलसर ठिपका उमटतोय का? एखादा थेंब? रेघ जागेवर आहे का?

थांबा. पाहा.

रेघ जागेवर आहे.

मग पाणी सोडून देतात. होज धुतात. उंच टांगून वाळवतात. ओला गुंडाळून ठेवलेला होज आतून खराब होतो. पाणी पूर्ण निथळू द्यावं लागतं.

तुमचाही श्वास पूर्ण बाहेर जाऊ द्या. शेवटपर्यंत.

•

आता फेस.

मुंबईत माहुलच्या बाजूला तेलशुद्धीकरणाचे कारखाने आहेत. रस्त्यांवरून पेट्रोलचे टँकर जातात. पेट्रोलला आग लागली, तर नुसतं पाणी उपयोगी पडत नाही. पाणी जड, ते पेट्रोलखाली जातं. पेट्रोल वर तरंगत जळत राहतं.

तिथे फेस लागतो. दुधावर साय धरावी तसा तो पेट्रोलवर पसरतो. खालची वाफ खाली ठेवतो, वरची हवा वर.

डब्यात फेसाचा घट्ट द्रव आहे. डब्यात एक नळी बुडवलेली आहे. होजमधून पाणी वेगाने येतं आणि एका अरुंद गळ्यातून जातं. गळ्यात दाब कमी होतो. डब्यातला द्रव नळीतून वर येतो. त्यालाही वर ढकलते ती हवाच.

९७ लिटर पाण्याला ३ लिटर द्रव. मग पुढच्या ब्रँचमध्ये, म्हणजे होजच्या टोकाच्या तोटीत, हवा मिसळते. शंभर लिटरचा सातशे-आठशे लिटर फेस होतो.

फेस पडताना ऐका. पाण्याच्या फवाऱ्यासारखा तडतडाट नाही. तो जवळजवळ आवाज न करता साठत जातो.

त्यातला थोडा फेस एका भांड्यात घेतात. भांड्याचं माप ठाऊक असतं. आधी त्याचं वजन करतात. त्यावरून फेस कितीपट फुलला, ते कळतं. मग भांडं ठेवून देतात. घड्याळ सुरू करतात.

आणि पुन्हा वाट पाहतात.

फेसातले बुडबुडे पाहा. हजारो. प्रत्येकाच्या भिंतीत थोडं पाणी आहे. ते पाणी खाली ओघळतं. भांड्याच्या तळाशी जमू लागतं. एक थेंब. मग दुसरा.

चौथा हिस्सा पाणी निथळायला किती वेळ लागला, ते वहीत लिहितात. झरझर निथळणारा फेस लवकर कोरडा पडतो. कोरडा फेस उष्णतेपुढे टिकत नाही.

थेंबांकडे पाहा. त्यांना थांबवू नका. मोजूही नका.

इथे एक गोष्ट शांतपणे पाहून घेऊ. पेट्रोलवर पातळ पापुद्रा पसरवणारे फेस अनेक दशकं फ्लोरीनच्या रसायनांपासून बनत आले. आग ते उत्तम विझवतात. पण ती रसायनं माती सोडत नाहीत, पाणी सोडत नाहीत. वर्षानुवर्षं तशीच राहतात. म्हणून आता जगभर फ्लोरीन नसलेल्या फेसांकडे वळणं चाललं आहे. म्हणून तपासणीचा फेसही गटारात सोडायचा नसतो.

धरणं चांगलं. पण किती काळ, तेही पाहावं लागतं.

या वाक्यापाशी थोडं रेंगाळा. हवं तर डोळे मिटा.

•

डोळे उघडा. आपण भायखळ्यातच आहोत.

इथून एका जुन्या दिवसाकडे पाहू. १४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' नावाचं जहाज उभं आहे. पोटात कापूस आहे आणि स्फोटकं आहेत. दुपारी धूर दिसतो. बंब पोचतात. जहाजात ९०० टनांहून जास्त पाणी ओतलं जातं. धूर इतका दाट, की आगीचं मूळ सापडत नाही.

चारच्या सुमाराला स्फोट होतो. अर्ध्या तासाच्या आत दुसरा.

अग्निशमन दलाचे ६६ जण त्या दिवशी जातात. १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात, तो त्यांच्यासाठी.

थोडं थांबा. काही म्हणायची गरज नाही.

त्या दिवशी पाणी जहाजापर्यंत पोचलं होतं. तरीही.

सुई जागेवर राहिली, रेघ सरकली नाही, फेस टिकला, म्हणून कुणी सुखरूप परत येईलच असं नाही. तपासणी तसं वचन देत नाही. तिचं देणं लहान आहे. धुरात शिरलेल्या जवानाच्या हातात ब्रँच असते. समोर दिसत नाही. त्याच्या मनात शंभर गोष्टी असतात. पाणी येईल ना, ही शंभरावी गोष्ट तेवढी त्यातून काढून घेता येते.

ती कुणीतरी काढून घेतलेली असते. आधीच. आग नसताना. एका जोडाजवळ कान नेऊन.

श्वास घ्या.

सोडा.

•

आता आपल्या घरी परत या. खोली पाहा. खिडकी पाहा.

तुमच्या इमारतीच्या जिन्यात कदाचित लाल रंगाचं अग्निशामक नळकांडं टांगलेलं असेल. वर्षानुवर्षं तुम्ही त्याच्या शेजारून जात-येत असाल. पावडरचं असेल, तर त्याच्या मानेशी बहुधा एक लहान गेज असतं. त्यात एक सुई असते, आणि एक हिरवा पट्टा.

आज जाताना त्याच्यासमोर उभे राहा. पिशवी खाली ठेवा. सुई कुठे आहे, ते पाहा. पिन आणि सील जागेवर आहेत का, पाहा. चिठ्ठीवरची पुढच्या तपासणीची तारीख वाचा.

सुई हिरव्यात असेल, तर पुढे चला.

नसेल, तर आजच सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगा. उद्यावर ठेवू नका.