धुणं कुणाचं?

२०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा आमच्या घरात शिरली. तशी ती आमच्याच गावची. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती यांचा संगम आमच्या प्रयाग चिखलीत होतो आणि तिथनं पुढं ती पंचगंगा होते. पण त्या वर्षी गावच नावेतनं बाहेर काढावं लागलं. परत आलो तेव्हा कपाटातल्या लुगड्यांपासून पोरांच्या युनिफॉर्मपर्यंत सगळं गाळात माखलेलं.

आई आठ-दहा दिवस नुसती धुत होती. एक कपडा तीन-तीन पाण्यातनं काढायचा, तरी चौथ्या पाण्याला गढूळपणा यायचाच. तिच्या बोटांच्या बेचक्यांत चिरा पडल्या. रात्री जेवताना भाकरीला हात लावला की चटणी झोंबायची. ते बघून वडील म्हणाले, "आता मशीन घ्यायलाच पायजे." चाळीस वर्षांच्या संसारात धुण्याबद्दल ते पहिल्यांदाच बोलले असावेत.

दिवाळीला पैसे जमले. दुधाच्या बिलातले थोडे, धाकट्या भावाच्या बोनसातले थोडे. मग आम्ही तिघं पुरुष कामाला लागलो. भाऊ पुण्यातनं फोनवर मॉडेलं पाठवायचा. मी वहीत रकाने आखले. फ्रंट लोडला पाणी कमी लागतं, कपडे कमी झिजतात, पण किंमत जास्त. टॉप लोडला वाकावं लागत नाही आणि राहिलेला शर्ट मध्येच टाकता येतो. सेमी ऑटोमॅटिक सगळ्यांत स्वस्त, पण एका टबात धुतलेलं काढून दुसऱ्यात पिळायला घालायचं, म्हणजे माणूस शेजारी उभा पाहिजे. वडील वॉरंटीचं विचारत होते. आईवर आमचं केवढं प्रेम, असं त्या वहीकडं बघून मला वाटायचं.

राजारामपुरीतल्या दुकानात गेलो. तिथल्या पोरानं आमचं सगळं ऐकून घेतलं आणि सहज विचारलं, "मशीन चालवणार कोण?"

वडिलांनी माझ्याकडं बघितलं, मी रस्त्याकडं. रोज किती धुणं निघतं, कुठले कपडे भिजवावे लागतात, टाकीचं पाणी किती वाजता संपतं, यातलं काहीच आम्हाला सांगता येईना. मी वहीत वीस गोष्टी लिहिल्या होत्या, पण जिच्यासाठी मशीन घ्यायचं तिला एकदाही विचारलं नव्हतं. "घरात विचारून येतो" म्हणून आम्ही माघारी आलो.

संध्याकाळी विषय काढला. आई म्हणाली, "मी सांगतो. ती दोन टबांची घ्या." आमच्याकडं बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. तिचं म्हणणं सरळ होतं. शेवटच्या खळबळीचं पाणी तसं स्वच्छच असतं, त्यात शेतातले कपडे पहिल्यांदा काढता येतात. आपोआप मशीन ते पाणी ओतून देणार. आणि मध्येच लाइट गेली तर? वरनं तिनं विचारलं, "वाकळ बसंल का त्यात?"

बायकोला फुल्ली ऑटोमॅटिक पाहिजे होतं. तिला साडेआठची एसटी असते. "आत्ती, दोन टबांच्या मशीनपाशी पहाटं उभं कोण ऱ्हाणार? मीच की!"

आता सासू-सुनेचं जुंपणार म्हणून आम्ही गडी माणसं जरा मागं सरकून बसलो. खरं सांगायचं तर मजाही वाटत होती. एवढ्यात बायको माझ्याकडं वळून म्हणाली, "फुल्ली घेतलं तर बटण कुणीबी दाबंल. दोन टबांचं घेतलं तर ते आमचंच ऱ्हाणार."

तोवर मी पैशांचा, पाण्याचा, विजेचा हिशेब मांडला होता. धुणं कुणाचं हा हिशेब मांडलाच नव्हता. त्या दोघी भांडत होत्या त्याही आपापल्या वाट्याच्या कामाबद्दलच. 'हे तुमचंपण आहे' असं दोघींपैकी एकीच्याही तोंडात आलं नाही. इतकं ते आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पक्कं करून ठेवलेलं.

पुढं वाचनात दोन गोष्टी आल्या. स्वीडनचे डॉक्टर हान्स रोस्लिंग यांनी २०१० साली एका भाषणात सांगितलं, की त्यांच्या घरी पहिलं मशीन आलं तेव्हा आजी त्याच्यासमोर बसून सगळं धुणं होईपर्यंत बघत राहिली. आणि आईला जो वेळ मिळाला, त्यात ती लेकराला घेऊन वाचनालयात जाऊ लागली. उलट अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्त्झ कोवन यांनी १९८३ च्या 'मोअर वर्क फॉर मदर' या पुस्तकात दाखवलं, की घरात यंत्रं आली तरी बाईचं काम म्हणावं तसं घटलं नाही. स्वच्छतेची अपेक्षा वाढली आणि कामात जे दुसरे हात होते तेही निघून गेले. मला दोन्ही खरं वाटतं. मशीन वेळ वाचवतं, पण वाचलेला वेळ कुणाच्या पदरात टाकायचा हे त्याला कळत नाही. ते घरानं ठरवायचं असतं. आपल्या सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, करणाऱ्या पुरुषांची ८८. मशीन घरोघरी शिरतंय, तरी फरक हा एवढा.

शेवटी आम्ही टॉप लोड फुल्ली ऑटोमॅटिक घेतलं. बुधवार आणि रविवार माझा ठरला. पहिल्याच रविवारी वडिलांचा पांढरा लेंगा आणि पोरीचा लाल फ्रॉक मी एकत्र टाकला. वडील महिनाभर गुलाबी लेंगा घालून डेअरीला जात होते. विचारणाऱ्याला सांगायचे, "पोरगं धुणं शिकालंय." मी मात्र प्रत्येक वेळी कुणीतरी कौतुक करावं म्हणून थांबायचो. आईनं चाळीस वर्षं धुतलं, तिचं कौतुक कुणी केल्याचं मला आठवत नाही. आणि वाळत घालणं, घड्या घालणं, ज्याच्या त्याच्या फळीवर ठेवणं हे बराच काळ तिच्याकडंच राहिलं. मशीनचं काम संपतं तिथं माझंही संपतं, असं मी धरून चाललो होतो.

एकदा तिला विचारलं, "नदीवरच्या बायका, गप्पा, आठवतं का गं?" मला वाटलं, तिचं काहीतरी हिरावून घेतलं आपण.

ती म्हणाली, "नदीला बोलायला जात हुतो व्हय? धुणं हुतं म्हणून जात हुतो. कंबर मोडायची. बोलणं वर फुकट मिळायचं." थोड्या वेळानं म्हणाली, "आता बोलायला जायचं म्हटलं तर कारण लागतंय, एवढंच."

तेव्हापासून ती संध्याकाळी देवळाकडं जाते. कारण सांगत नाही, आम्हीही विचारत नाही.

वाकळ मशीनमध्ये बसत नाही. ते तिचं खरं ठरलं. घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण आम्ही अजून नदीलाच नेतो. भिजलेली वाकळ एकट्याला पिळता येत नाही, दोन टोकांना दोघं लागतात. एका टोकाला पूर्वी आई असायची, दुसऱ्याला शेजारची काकू. गेल्या खेपेला एका टोकाला मी होतो, दुसऱ्याला वडील. आई पायरीवर बसून सांगत होती, "आवं, तुमी एकीकडं पिळा, त्येला दुसरीकडं पिळू दे. दोघंबी एकाच अंगाला वळवालाय, पाणी कसं निघंल?"